मागचा डावा एक्सल तीनदा बदलला: पंचवटीतल्या एका ओम्नीचं प्रकरण

गाडी २००९ची मारुती ओम्नी. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, एमएच-१५ पासिंग, मधली सीट काढून ठेवलेली. मालक पंचवटीतले केटरर. लग्नसराईत त्र्यंबकेश्वर, वणी, सिन्नर, ओझर या पट्ट्यात भांडी, भट्ट्या आणि पाणी पोचवायचं काम तिच्याकडे. पंधरा वर्षं झाल्यावर पेठ रोडच्या आरटीओत पुनर्नोंदणी होऊन तिला पाच वर्षं वाढवून मिळाली होती, त्यामुळे गाडी मोडीत काढायचा प्रश्न नव्हता. इंजिन ठीक, पत्राही बरा. त्रास फक्त मागच्या डाव्या चाकाचा.

ओम्नीचं उत्पादन २०१९ साली थांबलं. तरीही तिचे भाग मिळत नाहीत असं नाही. उलट मागचा एक्सल शाफ्ट मागितला तर एकाच दिवसात चार ठिकाणांहून चार प्रकारचा माल पुढे येतो, आणि दिसायला चारही सारखेच असतात.

शाफ्टवर नेमकं काय अवलंबून असतं

ओम्नीला मागे पाट्यांवर बसवलेला सॉलिड एक्सल आहे, सेमी-फ्लोटिंग प्रकारचा. ट्रकमध्ये गाडीचं वजन हाउसिंग (एक्सलवरची जाड नळी) पेलतं आणि शाफ्ट नुसता फिरवायचं काम करतो. इथे तसं नाही. एकच शाफ्ट चाक फिरवतो आणि वजनही पेलतो. त्याच्या बाहेरच्या टोकाला फ्लॅंज (चपटी चकती), त्यावर ड्रम आणि चाक. फ्लॅंजच्या आत ब्रेकची बॅकिंग प्लेट, मग बेअरिंग, आणि बेअरिंगला शाफ्टवर धरून ठेवणारी, दाबून बसवलेली एक लोखंडी रिंग. आतलं टोक आट्यांवर (लांबीने कापलेल्या दात्यांवर) डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना फिरणं वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या, साइड गिअरमध्ये सुटं बसतं. ते काहीही धरून ठेवत नाही.

म्हणजे चाक गाडीला धरून असतं ते त्या रिंगच्या पकडीवर. रिंग सैल झाली तर शाफ्ट, ड्रम आणि चाक एकत्र बाहेर सरकतं. शाफ्ट बेअरिंगजवळ तुटला तरी तेच. ‘चालतंय तोवर चालवू’ हे धोरण या भागाला लागू पडत नाही.

पहिल्या दोन दुरुस्त्या

सुरुवात साधी होती. पावसाळ्यात डाव्या ड्रममध्ये डिफरन्शियलचं ऑइल उतरलं, ब्रेकचे लायनर भिजले, ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढायची. ऑइल सील बदललं. काही आठवड्यांत पुन्हा ऑइल. दुसरं सील टाकताना मिस्त्रीला दिसलं की सीलचा ओठ ज्या गोलाईवर फिरतो तिथे नख अडकेल एवढी खाच पडली आहे, आणि बेअरिंग बसतं ती जागा, म्हणजे सीटही, झिजली आहे. शाफ्ट बदलायचा ठरला.

पहिला बदली शाफ्ट भंगारातला होता. विकणाऱ्याचं म्हणणं, ‘शेठ, कंपनीचाच आहे, गाडी मागून ठोकलेली होती, एक्सलला धक्काही नाही.’ शाफ्ट मूळचा कंपनीचा होता हे खरंच. पण त्याची बेअरिंग सीट कुणीतरी वेल्डिंगने भरून लेथवर टर्न केलेली होती, आणि वरून एमरी पेपर मारल्यामुळे जोड दिसत नव्हता. साडेतीन महिन्यांनी सिन्नरहून परतताना, एका गतिरोधकावर, अगदी हळू वेगात, तो रिंगच्या कडेला तुटला. चाक ड्रमसकट बाहेर आलं आणि मडगार्डला अडकून थांबलं. वेग कमी होता म्हणून निभावलं.

तुटलेलं तोंड पुसून पाहिलं तर कारण त्यावरच होतं. तुटलेल्या भागाचा सुमारे दोन तृतीयांश पृष्ठभाग गुळगुळीत होता आणि त्यावर एका कडेपासून पसरत गेलेल्या बारीक कमानी होत्या. उरलेला तिसरा हिस्सा खरखरीत, दाणेदार, ताजा. म्हणजे तो गतिरोधकावर तुटलाच नव्हता. वेल्डिंगच्या कडेला पडलेली तड कित्येक दिवस थोडी थोडी आत सरकत होती, गतिरोधकाने फक्त शेवटचा तुकडा सोडवला. मध्यम कार्बनच्या, वरून कडक केलेल्या पोलादावर आर्कने भर घातली की भरीशेजारची पट्टी ठिसूळ होते आणि त्याच्या पुढची पट्टी नरम पडते. फिरत्या, वाकत्या शाफ्टला तड सुरू व्हायला एवढं पुरतं. पंपाचा किंवा कन्व्हेयरचा शाफ्ट भरून वापरणं वेगळं. गाडीचं चाक ज्यावर लटकतं तो भरून वापरू नये, लेथवाला कितीही कसबी असला तरी.

दुसरा शाफ्ट नवा, साध्या पिवळ्या खोक्यातला, कंपनीच्या किमतीच्या निम्म्याहून कमी. बसवताना बेअरिंग त्यावर हातानेच सरकलं. इथेच काम थांबवायला हवं होतं. पण फिटरने सीटवर सेंटर पंचने ठिपके मारून ती ‘जाड’ केली, वर लॉकिंगचं केमिकल लावलं आणि बेअरिंग ठोकून बसवलं. पंचच्या ठिपक्यांची उंच टोकं पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये चेपतात आणि सीट पुन्हा ढिली होते. शिवाय प्रत्येक ठिपका म्हणजे तड सुरू व्हायला मिळालेली नवी जागा. दोन हजार किलोमीटरच्या आतच चाळीसच्या वर घों-घों आवाज सुरू झाला आणि ड्रममध्ये पुन्हा ऑइल.

या टप्प्यावर मालकाचा निष्कर्ष होता की आता ओम्नीचा चांगला शाफ्ट मिळतच नाही. तो निम्माच बरोबर होता. दोन्ही शाफ्ट वाईट होते, पण मूळचा कंपनीचा शाफ्ट का झिजला आणि डाव्याच बाजूला का, हे कुणी पाहिलं नव्हतं.

शाफ्टच्या पलीकडे

सील वारंवार जातं तेव्हा तीन गोष्टी पाहायच्या, आणि त्यातल्या पहिल्या दोन फुकट आहेत. एक, हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड. तो चिखलाने बुजला की गरम झालेल्या डिफरन्शियलमधली हवा दाबाने सीलमधून वाट काढते आणि सोबत ऑइल आणते. या गाडीचा ब्रीदर अर्धवट बुजलेला होता. तार घालून, डिझेलने धुऊन मोकळा केला. दोन, ऑइलची पातळी. ती भरण्याच्या प्लगच्या खालच्या कडेपर्यंतच हवी, तीही गाडी सपाट जागी उभी असताना. ‘थोडं जास्त बरं’ म्हणून ओतलेलं ऑइल वळणावर एका बाजूला जमतं. इथे पातळी बरोबर होती.

तिसरी गोष्ट हाउसिंगचा सरळपणा. डावं टायर आतल्या कडेने जास्त खाल्लेलं होतं, आणि सॉलिड एक्सलवर टायर एकाच कडेने खात असेल तर संशय हाउसिंगवरच जायला हवा. नाशिकमध्ये थ्री-डी अलाइनमेंटची दुकानं भरपूर आहेत, पण ओम्नी आली की बहुतेक ठिकाणी मागच्या चाकांचे आकडे बघतच नाहीत, कारण तिथे फिरवायला बोल्ट नसतो. आकडे मात्र मशीन देतं, मागावे लागतात. कॅम्बर म्हणजे चाक वरून किती कललंय (उणे म्हणजे आत), टो म्हणजे ते पुढून किती वळलंय (टो-आउट म्हणजे बाहेर). रिकाम्या गाडीचे आकडे असे आले: उजवं चाक कॅम्बर उणे ०°०५′, टो जवळपास शून्य. डावं चाक कॅम्बर उणे ०°३०′, टो-आउट ०°२०′.

अर्धा अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण डिफरन्शियलच्या मध्यापासून चाकापर्यंत साधारण ६०० मिमी अंतर धरलं तर अर्ध्या अंशाने टोक ५ मिमी वर गेलेलं असतं. टो-आउट म्हणजे तेच टोक थोडं मागेही ढकललेलं. असा शाफ्ट आतल्या आट्या आणि बाहेरचं बेअरिंग यांच्यामध्ये प्रत्येक फेरीला वाकतो आणि सरळ होतो. १४५ आर १२ टायरचा घेर सुमारे १.७ मीटर, म्हणजे किलोमीटरला जवळपास ५९० फेरे. दहा हजार किलोमीटरला ५९ लाख वेळा वाकणं. कंपनीचा शाफ्ट हे बरीच वर्षं सहन करतो, भरलेला शाफ्ट साडेतीन महिने. सीलचं भोक तिरपं झाल्यावर ओठ एका बाजूने दाबला जातो, दुसऱ्या बाजूने उघडा राहतो, मग सील कुठल्याही मेकचं टाका.

हाउसिंग वाकलं ते पाण्यामुळे. २०० लिटरचे दोन भरलेले ड्रम मागच्या दारालगत शेजारी शेजारी ठेवायची पद्धत होती. पाणीच ४०० किलो. ड्रमांचा मध्य एक्सलच्या ४० सेंटिमीटर मागे आणि ओम्नीचा व्हीलबेस अवघा १८४० मिमी. तरफेच्या हिशोबाने मागच्या एक्सलवर ४०० नव्हे, ४८७ किलो येतात, आणि पुढची चाकं ८७ किलोने हलकी होतात. (चढावर स्टिअरिंग ‘मोकळं’ लागतं अशी ड्रायव्हरची तक्रार होती. ती स्टिअरिंगची नव्हतीच.) अशा भाराने गाडी समोरच्याला वाट देताना डांबर सोडून साइडपट्टीवर उतरते तेव्हा खाली आदळतं ते डावंच चाक.

चार प्रकारचा माल

शाफ्टसाठी चार वाटा तपासल्या गेल्या.

कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याच्या स्पेअर काउंटरवर शाफ्ट हातोहात नव्हता, ऑर्डरवर होता. तिथे चेसिस नंबर देणं महत्त्वाचं. ओम्नी १९८४ पासून बनली आणि मधल्या काळात तिचे भाग बदलत गेले. ‘ओम्नीचा डावा’ एवढंच सांगून भाग मागवला तर चुकीचा यायची शक्यता राहते. आगाऊ पैसे भरावे लागतात आणि वाट बघावी लागते. जुन्या गाडीचे लोक नेमके इथेच कंटाळतात.

दुसरी वाट, शाबूत गाडीतून काढलेला मूळ शाफ्ट. मुंबईत कुर्ल्याला किंवा पुण्यात नाना पेठेत विचारलं तर मिळतो. ही वाट वाईट नाही. तपासलेला जुना मूळ शाफ्ट न तपासलेल्या नव्या कॉपीपेक्षा केव्हाही बरा. अट एकच: बेअरिंग आणि रिंग अंगावर असतानाच तो घ्यायचा. बेअरिंग काढून, पुसून, ग्रीस लावून ठेवलेल्या शाफ्टची सीट भरलेली आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही.

तिसरी, नवी कॉपी. चौथी, भरलेला शाफ्ट. या दोन्ही वाटा अनुभवून झाल्या होत्या.

तपासणीला नाशिकइतकं सोयीचं गाव क्वचितच असेल. अंबड आणि सातपूरच्या एमआयडीसीत गाड्यांचे भाग बनवणारे आणि मोजणारे लोक आहेत. छोट्या जॉब शॉपमध्येही मायक्रोमीटर, शाफ्ट टेकवून फिरवायचे व्ही-ब्लॉक, डायल गेज आणि बऱ्याचदा कडकपणा मोजणारं रॉकवेल मशीन असतं. गॅरेज आणि एमआयडीसी या दोन जगांची गाठ मात्र सहसा पडत नाही.

पिवळ्या खोक्यातला शाफ्ट काढून मोजला. त्यासाठी पंच न मारलेल्या कडेची पट्टी घेतली. सीटचा व्यास बेअरिंगच्या आतल्या भोकापेक्षा १२ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी. तो उलट १० ते २० मायक्रॉन जास्त हवा, तरच आतली रिंग शाफ्टवर घट्ट बसते. कानशीने आट्यांच्या टोकाला घासलं तर कानस धरत होती. कडक केलेल्या पोलादावर ती घसरते. त्याच जागी रॉकवेल सी मापावर आकडा आला २९. तुटलेल्या मूळ शाफ्टवर, वेल्डिंगपासून लांब, आट्यांवर ५२. म्हणजे कॉपीला उष्णतेची प्रक्रिया एक तर झालीच नव्हती किंवा नावापुरती झाली होती. असा शाफ्ट आज नाही तरी उद्या आट्यांवर पिळतो. रॉकवेलचा ठसा सीलच्या किंवा बेअरिंगच्या जागी घेऊ नये, तिथे तो खड्डाच ठरतो.

शेवटी शाफ्ट कंपनीचाच मागवला. नवा आहे म्हणून न मोजता बसवायचा नाही, हेही ठरलं होतं. सीट तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजली: भोकापेक्षा १४ ते १६ मायक्रॉन जास्त. व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल लावला, फ्लॅंजच्या तोंडाचा लहरा (फिरताना पडणारा फरक) ०.०४ मिमी, शाफ्टच्या मध्यावर ०.२ मिमी. स्वीकारायची मर्यादा फ्लॅंजला ०.१ आणि मध्याला ०.५ धरली होती. जुना शाफ्ट शेजारी ठेवून लांबी आणि आट्यांची संख्याही पडताळली. डावा-उजवा शाफ्ट एकच असेल असं गृहीत धरू नये, आणि ईकोचा किंवा व्हर्साचा ‘बसतो’ असं सांगणाऱ्याकडून घेऊ नये.

हाउसिंगबद्दल निर्णय उलटा होता, ते जुनंच घेतलं. ते फिरत नाही, त्याला बारीक मापाच्या सीटा कमी, आणि सरळ आहे की नाही हे तारेने कळतं. कुर्ल्याहून आणलेल्या हाउसिंगच्या दोन्ही टोकांत मध्यभागी भोक असलेल्या चकत्या बसवल्या आणि त्यांतून बारीक तार ताणली. पाट्यांच्या दोन्ही बैठकींपासून तारेची उंची सारखी आली पाहिजे, आणि डिफरन्शियलच्या तोंडाच्या डाव्या-उजव्या कडेपासूनचं अंतरही. दोन्हीकडे फरक १ मिमीच्या आत होता. बैठकींच्या वेल्डवर डाय-पेनेट्रंट मारला: आधी क्लीनर, मग लाल डाय, दहा मिनिटांनी पुसून पांढरा डेव्हलपर. लाल रेघ उमटली नाही. जुनं हाउसिंग हायड्रॉलिक जॅक लावून सरळ करून देणारे होते, स्वस्तातही. पण थंड स्थितीत सरळ केलेली नळी थोडी परतते, आणि वाकलेली जागा पुढच्या आदळण्याला आधी वाकते.

बसवणी

खोलताना गाडी घोडीवर घेऊन डिफरन्शियलचं ऑइल काढलं, ड्रम उतरवला, व्हील सिलिंडरची ब्रेक पाइप आणि हँडब्रेकची केबल सोडवली. बॅकिंग प्लेटचे नट सोडल्यावर शाफ्ट प्लेटसकट स्लाइड हॅमरने ओढला. प्लेट फ्लॅंज आणि बेअरिंगच्या मध्ये अडकलेली असते, ती वेगळी निघत नाही. याची आठवण जोडताना ठेवावी लागते: प्लेट शाफ्टवर आधी चढवायची. बेअरिंग आणि रिंग प्रेस करून झाल्यावर प्लेट टेबलावरच राहिलेली दिसली तर नवी रिंग वाया जाते.

जुनी रिंग काढताना बहुतेक शाफ्ट मरतात. गॅस कटरने रिंग कापली की खालच्या शाफ्टचा कडकपणा जातो. छिन्नी खोल गेली की शाफ्टवर ओरखडा राहतो, आणि तो ओरखडा नेमका सर्वात जास्त ताणाच्या जागी. ग्राइंडरने रिंग समोरासमोर दोन ठिकाणी घासत पातळ करायची, शाफ्टला चाक लागण्याआधी थांबायचं, आणि उरलेला पापुद्रा छिन्नीच्या हलक्या ठोक्याने फोडायचा. नव्या शाफ्टला हे लागत नाही, पण पुढे कधी नुसतं बेअरिंग बदलायची वेळ आली तर लागतं.

जुन्या बेअरिंगचं तोंड कुठल्या बाजूला आहे याचा फोटो काढून ठेवला, कारण बेअरिंग उलटं बसवूनही वर सगळं जुळतं. नवं बेअरिंग प्रेसवर आतल्या रिंगला टेकणारी नळी लावून चढवलं. बाहेरच्या रिंगवर जोर दिला की गोळ्यांचे ठसे पट्टीत उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. धरून ठेवणारी रिंग नवीच घेतली. जुनी पुन्हा वापरत नाहीत, ती एकदा ताणली गेलेली असते. ती हॉट प्लेटवर सुमारे १५० अंशांपर्यंत तापवून प्रेस केली. ज्योत लावून निळी पडेपर्यंत तापवली तर तिची पकड जाते. रिंग जोर न लावता खाली उतरली तर काम तिथेच थांबवायचं, हा एकच निकष पाळला असता तर दुसरी दुरुस्ती झालीच नसती.

हाउसिंगमध्ये नवं सील बसवून ओठाला ग्रीस लावलं. शाफ्ट आत घालताना आट्यांचा भार सीलच्या ओठावर येऊ न देता तो हाताने उचलून धरावा लागतो, नाहीतर सील बसायच्या आधीच फाटतं. प्लेट आणि हाउसिंगच्या सांध्याला सीलंट, नट टॉर्क रेंचने सेवा-पुस्तिकेतल्या आकड्याला. ऑइलने भिजलेले लायनर धुऊन परत लावले नाहीत, दोन्ही बाजूंचे नवे टाकले. जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० ऑइल प्लगच्या कडेपर्यंत भरलं, ब्रेकमधली हवा काढली.

मग गाडी परत अलाइनमेंटवर. डावं कॅम्बर उणे ०°०५′, टो शून्याच्या आसपास. पन्नास किलोमीटरनंतर दोन्ही ड्रम हाताला सारखेच कोमट. पाचशेला नट पुन्हा तपासले, प्लेटच्या खालची कडा कोरडी. हजार किलोमीटरला ऑइल बदललं, कारण दुसऱ्या गाडीच्या हाउसिंगमध्ये कितीही धुतलं तरी काहीतरी राहतं.

पाण्याचे ड्रम बंद झाले. आता २० लिटरचे जार जातात, तेही पुढच्या सीटच्या पाठीला टेकून, आणि भांडी मागे.

उजवा शाफ्ट बदलला नाही. तो मूळचा कंपनीचा होता, उजवी बाजू सरळ होती आणि टायर सारखं झिजलेलं होतं. हाउसिंग बदलताना तो बाहेर काढावाच लागला, तेव्हा डायलवर फिरवून पाहिला आणि सीलच्या जागी नख फिरवलं. खाच नव्हती. बेअरिंगही हाताने फिरवल्यावर मुकं आणि घट्ट होतं, म्हणून ते आणि रिंग तशीच ठेवली. नवं टाकायचं म्हटलं असतं तर शाबूत रिंग ग्राइंड करावी लागली असती, आणि त्यात चांगल्या शाफ्टला ओरखडा पडायची जोखीम होती. त्या बाजूला फक्त सील बदललं.